छापील उत्तर आणि खरे उत्तर

आमचे वडनेर भोलजी हे नांदुरा तालुक्यातील, मुंबई-कोलकाता महामार्गावरचे गाव. विज्ञान शाखेत गणित घेतलेली इथली काही मुले संध्याकाळी वह्या घेऊन माझ्याकडे बसतात. त्यांच्या एका चाचणीत मी एक नेहमीचा प्रश्न घातला होता. ‘२क्ष’ ला ‘१ + क्षचा वर्ग’ ने भागायचे, येणाऱ्या संख्येचा व्यस्त साइन घ्यायचा आणि त्या फलनाचा अवकलज, म्हणजे वर्गात आपण ज्याला डेरिव्हेटिव्ह म्हणतो तो, काढायचा. बारावीच्या गणिताशी संबंध असलेल्या प्रत्येकाला याची युक्ती पाठ असते. क्षच्या जागी टॅन थीटा घाला, कंसात साइन २ थीटा येते, व्यस्त साइन आणि साइन एकमेकांना खाऊन टाकतात, उरते २ थीटा. म्हणून उत्तर : २ भागिले (१ + क्षचा वर्ग). तीन ओळी, तीन गुण.

एका मुलीने उत्तराचे दोन भाग केले होते. क्षची किंमत −१ आणि १ यांच्या दरम्यान असेल तर वरचे उत्तर. त्याबाहेर असेल तर तेच उत्तर, पण ऋण चिन्हासह. मी लाल शाईने दुसऱ्या भागावर रेघ मारली, एक गुण कापला आणि समासात ‘अनावश्यक’ असे लिहिले. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. म्हणाली, “सर, क्षच्या जागी तीनचे वर्गमूळ घालून बघा ना.”

मी घालून पाहिले. ३ च्या वर्गमूळाची दुप्पट भागिले ४ म्हणजे ३ च्या वर्गमूळाचे निम्मे, आणि त्याचा व्यस्त साइन ६० अंश. आता युक्तीचे उत्तर पाहा : टॅन ६० अंश म्हणजे ३ चे वर्गमूळ, म्हणून थीटा ६० अंश आणि २ थीटा १२० अंश. एकीकडे ६०, दुसरीकडे १२०. व्यस्त साइन तर ९० अंशांच्या वर जातच नाही! साइन आणि व्यस्त साइन एकमेकांना खाऊन टाकतात ते फक्त कोन −९० ते ९० अंशांमध्ये असताना. २ थीटा त्या हद्दीबाहेर गेला की युक्ती लंगडी पडते.

अवकलनाचा एकही नियम न वापरता हे पडताळता येते. क्ष १ असताना कंसातली संख्या १ असते, म्हणजे कोन ९० अंश. क्ष ३ असताना ती ६ भागिले १०, म्हणजे ०.६ होते आणि कोन सुमारे ३७ अंशांवर उतरतो. क्ष वाढत गेला आणि फलनाची किंमत घटत गेली. घटणाऱ्या फलनाचा अवकलज धन कसा असेल? आणि नेमक्या १ व −१ या ठिकाणी तर आलेखाला कोपरा आहे; तिथे अवकलजच नाही.

मुलीचे उत्तर बरोबर होते. माझे, आणि ज्या मार्गदर्शकावर विसंबून मी वर्षानुवर्षे हा प्रश्न शिकवत आलो त्याचे, अपुरे होते. तिने विचारले तेव्हा माझ्या तोंडून पहिले वाक्य आले ते “पुस्तकात तसेच आहे.” या लेखाचा विषय तेच वाक्य आहे.

चुका कोणत्या जातीच्या?

उच्च गणिताच्या पुस्तकात चुका असतात याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. शेकडो पानांत हजारो चिन्हे असतात, आणि एक उणे चिन्ह गळाले तरी उत्तर बदलते. परंतु सगळ्या चुका एका तराजूत तोलता येत नाहीत. माझ्या मते त्यांचे चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग मुद्रणदोषांचा : चिन्ह गळणे, घातांक खाली येणे, आकृतीतील अक्षरे उलटसुलट होणे. दुसरा वर्ग पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तरांचा. उदाहरण बदलले जाते, उत्तर जुनेच राहते. या दोन्ही चुका त्रासदायक असल्या तरी फारशा घातक नाहीत, कारण हुशार मूल दहा मिनिटांत त्या पकडते.

तिसरा वर्ग गळालेल्या अटींचा. नियम खरा असतो, पण कुठे खरा ते सांगितलेले नसते. वरचे उदाहरण या वर्गातले. ‘१ भागिले क्ष’ चे समाकलन लॉग क्ष असे लिहून केवल मूल्याची खूण सोडणे, हेही त्यातलेच. चौथा वर्ग सदोष सिद्धतेचा किंवा सरळ असत्य विधानाचा. उदाहरणार्थ, ‘दुसरा अवकलज शून्य आला तर त्या बिंदूला महत्तमही नाही, लघुतमही नाही.’ क्षचा चौथा घात घेऊन पाहा. क्ष शून्य असताना दुसरा अवकलज शून्यच येतो, तरीही तिथे स्पष्ट लघुतम आहे. खरे विधान एवढेच की अशा वेळी कसोटी काही सांगू शकत नाही.

पुस्तकांची परीक्षणे लिहिताना आपण पहिल्या दोन वर्गांवरच तुटून पडतो, कारण त्या चुका मोजता येतात. ‘या पुस्तकात इतक्या चुका’ असे म्हटले की परीक्षण कडक झाल्यासारखे वाटते. खरे नुकसान तिसऱ्या वर्गात होते. तिथे उत्तर नेहमी बरोबर येते, फक्त कधीतरी येत नाही. आणि तो ‘कधीतरी’ परीक्षेत सहसा विचारला जात नाही.

पिशाच कोण?

गळालेल्या अटीवर टीका करण्याची आपली परंपरा फार जुनी आहे. मलकापूरहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत बसले की भुसावळ, जळगावनंतर चाळीसगाव लागते. त्या तालुक्यातील पाटणे येथील तेराव्या शतकाच्या सुरुवातीच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंदही त्यात आहे. म्हणजे ‘लीलावती’ (११५०) हे आपल्या शेजारच्या खानदेशात रीतसर शिकवले गेलेले पाठ्यपुस्तक. आजच्या भाषेत, नेमलेले पुस्तक.

त्याच्या आधी पाच शतके, ६२८ साली, ब्रह्मगुप्ताने चौकोनाच्या क्षेत्रफळाचे सूत्र दिले होते. चारही बाजूंच्या बेरजेचे निम्मे घ्या, त्यातून एकेक बाजू वजा करा, चारही वजाबाक्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. सूत्र देखणे आहे. पण ते तंतोतंत लागू पडते ते फक्त वर्तुळात बसणाऱ्या चौकोनाला, आणि ही अट श्लोकात नाही. ब्रह्मगुप्ताच्या मनात ती असावी असे अनेक अभ्यासक मानतात. पुढच्या वाचकांच्या हाती मात्र अटीविना सूत्र आले.

भास्कराचार्यांनी त्यावर बोट ठेवले. त्यांचे एक उदाहरण असे : पाया १४, वरची बाजू ९, उरलेल्या दोन बाजू १३ आणि १२, उंची १२. बाजूंच्या बेरजेचे निम्मे २४, वजाबाक्या १०, १५, ११ आणि १२, गुणाकार १९८००. त्याचे वर्गमूळ १४१ पेक्षा किंचित कमी येते. आता हा समलंब चौकोन आहे हे लक्षात घ्या. १४ आणि ९ ची सरासरी ११.५, गुणिले उंची १२ म्हणजे १३८. खरे क्षेत्रफळ १३८ च आहे. सूत्र जवळपास तीनने चुकले.

याहून सोपे उदाहरण त्यांनी समभुज चौकोनाचे दिले आहे. प्रत्येक बाजू २५. कर्ण ३० आणि ४० असतील तर क्षेत्रफळ ६००. कर्ण १४ आणि ४८ असतील तर ३३६. कर्ण सारखे असतील, म्हणजे चौरस असेल, तर ६२५. बाजू त्याच, क्षेत्रफळे तीन. वर्गात हे दाखवायला बाजेची जुनी चौकट पुरते. तिचे सांधे सैल झाले की चौकट तिरकी होते. लाकडाची लांबी बदलत नाही, पण आतली जागा कमी होत जाते. मग बाजू सांगून क्षेत्रफळ विचारणारा काय विचारतो आहे? भास्कराचार्यांनी त्याला पिशाच म्हटले आहे. आणि कर्ण किंवा लंब न विचारता उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे पिशाच. माझ्या लाल शाईच्या रेघेकडे पाहताना मला हेच आठवले. प्रश्नात अट न घालणारा मी पहिला, आणि अटीविना उत्तर छापणारा मार्गदर्शक दुसरा.

ही टीका मात्र अर्धीच राहिली. सूत्र सगळ्या चौकोनांना चालत नाही हे भास्कराचार्यांनी दाखवले, पण ते कोणत्या चौकोनाला बरोबर चालते हे ‘लीलावती’त सांगितलेले नाही. चूक दाखवणे हे पहिले काम. नियमाची नेमकी हद्द आखून देणे हे दुसरे. दुसरे झाल्याशिवाय पहिले पुरे होत नाही.

चुका सुधारणाराही चुकतो

‘लीलावती’कडे आदराने पाहायचे म्हणजे ती डोळे झाकून वाचायची असे नव्हे. शून्याच्या प्रकरणात एक उदाहरण आहे. एका संख्येला शून्याने गुणले, त्यात त्याचेच निम्मे मिळवले, बेरजेला ३ ने गुणले, मग शून्याने भागले. उत्तर ६३ आले, तर मूळ संख्या कोणती? ग्रंथाचे उत्तर १४. गुणलेले शून्य आणि भागलेले शून्य एकमेकांना घालवतात या नियमावर ते बसते : १४ आणि ७ मिळून २१, गुणिले ३, ६३.

आजच्या व्याख्येने हे चालत नाही. कोणत्याही संख्येला शून्याने गुणले की शून्यच उरते आणि मूळ संख्येची खूण पुसली जाते. शून्य भागिले शून्य याला अर्थ देता येत नाही. १४ च्या जागी १५ असते तरी भागण्याच्या आधी हाती शून्यच राहिले असते. हाच घोटाळा इतरत्रही झाला आहे : ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असे म्हटले, तर नवव्या शतकातील महावीराचार्यांनी शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते असे लिहिले. शून्येतर संख्येला शून्याने भागल्यास अनंत राशी येते, असे सांगून भास्कराचार्य त्यांच्या पुढे गेले खरे; पण शून्याला शून्याने छेदण्याची मोकळीक त्यांनीही घेतली.

या चुकीत एक बीज मात्र दडलेले आहे. शून्याऐवजी अतिशय लहान, पण शून्य नसलेली संख्या घेतली तर १४ हे उत्तर निर्दोष ठरते. अकरावीत सीमा शिकवताना आपण ‘क्षचा वर्ग उणे ४’ ला ‘क्ष उणे २’ ने भागतो आणि ‘क्ष उणे २’ छेदतो. तेव्हा ‘क्ष २ च्या जवळ जातो, पण २ होत नाही’ हे वाक्य न उच्चारणारा शिक्षक बाराव्या शतकातलीच चूक करत असतो. चुकीची चिकित्सा केल्याने मूळ विषय कसा उलगडतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

ही चिकित्सा टीकाकारांनी पुढे नेली. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ लिहिली. १६०० च्या सुमारास कृष्ण दैवज्ञांनी भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर ‘बीजपल्लव’ ही टीका लिहिली. त्यांचे घराणे विदर्भातील पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे, नंतर काशीस गेलेले. पयोष्णी म्हणजे आपल्या नांदुरा-मलकापूर भागातून वाहणारी पूर्णा असे सामान्यतः मानले जाते. या टीकांचे वैशिष्ट्य म्हणजे उपपत्ती : नियम सांगून न थांबता तो का खरा, हे दाखवणे. गणिताच्या पुस्तकातील चूक शोधण्याचे याहून चांगले हत्यार नाही. ‘का?’ विचारत गेले की गळालेली अट आपोआप उघडी पडते.

मोठ्यांच्या नावाचा दबाव

ही केवळ प्राचीन ग्रंथांची गोष्ट नाही. फ्रान्समधील कोशी या श्रेष्ठ गणितज्ञाने १८२१ मध्ये विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या विश्लेषणाच्या पुस्तकात एक प्रमेय दिले : संतत फलनांची अभिसारी श्रेणी घेतली तर तिची बेरीजही संतत असते. १८२६ मध्ये आबेलने साइनची एक साधी श्रेणी पुढे ठेवली. तिचे प्रत्येक पद संतत आहे, पण बेरीज १८० अंशांपाशी उडी मारते. या प्रमेयाला अपवाद दिसतात, असे त्याने अगदी सौम्यपणे नोंदवले. नेमकी गळालेली अट, जिला आज एकसमान अभिसरण म्हणतात, स्पष्ट व्हायला त्यानंतर आणखी वीस वर्षे लागली.

आपल्या विदर्भाशी जोडलेले उदाहरण प्रा. शरदचंद्र शंकर श्रीखंडे (१९१७–२०२०) यांचे. नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात ते शिकले आणि तिथे त्यांनी शिकवलेही. ऑयलरने १७८२ मध्ये एक प्रश्न चर्चेला घेतला होता. सहा पलटणींतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे असे ३६ अधिकारी घ्यायचे आणि ६ × ६ च्या चौकटीत उभे करायचे. प्रत्येक आडव्या व उभ्या रांगेत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच यायला हवा. हे जमत नाही, आणि ४ ने भागल्यावर बाकी २ उरते अशा १०, १४, १८ यांसारख्या कोणत्याही संख्येसाठी जमणार नाही, असे अनुमान ऑयलरने केले. ६ बद्दल तो बरोबर होता. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत संपूर्ण अनुमानाच्या ‘सिद्धता’ही छापून आल्या! त्या सदोष होत्या. १९५९ मध्ये बोस आणि श्रीखंडे यांनी २२ साठी व पार्करने १० साठी अशी रचना करून दाखवली. पाठोपाठ तिघांनी मिळून सिद्ध केले की २ आणि ६ सोडल्यास ऑयलरचे अनुमान सर्वत्र खोटे आहे. पावणेदोनशे वर्षे जे खरे मानले गेले ते पडले. पडल्यावर ते कुणालाही तपासता येण्यासारखे होते : १०० घरांची चौकट घ्या आणि रांगा मोजा.

जी चूक वाटते, पण नसते

शोध घेणाऱ्याने एक पथ्य पाळायला हवे. पुस्तकाचे उत्तर आपल्याशी जुळले नाही म्हणजे पुस्तक चुकले असे नाही. ‘साइन क्ष गुणिले कॉस क्ष’ चे समाकलन एक मुलगा ‘साइन वर्गाचे निम्मे’ असे काढतो, दुसरा ‘उणे कॉस वर्गाचे निम्मे’, तिसरा ‘उणे कॉस २क्ष चा चौथा भाग’. तिघेही बरोबर आहेत, कारण ही उत्तरे एकमेकांपासून फक्त एका स्थिर संख्येने वेगळी आहेत. शून्य ही नैसर्गिक संख्या धरायची की नाही, हाही संकेताचा प्रश्न आहे. पुस्तकाने सुरुवातीला जे ठरवले ते शेवटपर्यंत पाळले की नाही, एवढेच पाहायचे. म्हणून चूक जाहीर करण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. एखादी किंमत घालून दोन्ही बाजू पडताळाव्यात. पुस्तकातील व्याख्या पुन्हा वाचावी. आणि दुसरे एखादे पुस्तक उघडून पाहावे. मात्र दोन पुस्तकांत सारखेच छापले आहे म्हणून ते खरे, असे मानू नये, कारण मार्गदर्शक एकमेकांवरून उतरलेले असू शकतात.

काय करता येईल?

चूक सापडल्यावर आपण बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतो. मुलांना “ते सोडून द्या” म्हणतो, नाहीतर शिक्षकांच्या खोलीत पुस्तकाची चेष्टा करतो. दोन्हींमुळे पुढच्या वर्षीच्या मुलाला काहीच मिळत नाही. पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावनेत सूचनांचे स्वागत असल्याचे छापलेले असते. ते खरे मानून पत्र लिहावे. पत्रात आवृत्तीचे वर्ष, पान, ओळ, छापलेले विधान, ते खोटे ठरवणारे एक उदाहरण आणि सुचवलेली दुरुस्ती असावी. ‘आपले पुस्तक चुकांनी भरले आहे’ असे लिहिणाऱ्याच्या पत्रावर काही करणे कुणालाही शक्य नसते. अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथ यांनी आपल्या पुस्तकातील चूक प्रथम दाखवणाऱ्याला २.५६ डॉलरचे बक्षीस ठेवले. रक्कम किरकोळ, पण ते मिळाल्याचा अभिमान वाचकांना मोठा वाटतो. आपल्या प्रकाशकांनी पैसे देऊ नयेत; पुढच्या आवृत्तीत शुद्धिपत्र छापून सुचवणाऱ्याचे नाव दिले तरी पुष्कळ होईल.

शाळेत तर खर्चही नाही. दोनशे पानी वही घ्यावी, तिला ‘शुद्धिवही’ म्हणावे आणि ग्रंथालयात ठेवावी. पुस्तक बदलले तरी वही राहते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नमुना उत्तराशी जुळत नाही एवढ्याच कारणाने गुण कापू नयेत. उत्तरपत्रिका तपासणारा आपण आहोत; मार्गदर्शक नव्हे.

त्या मुलीचा कापलेला गुण मी परत दिला, आणि वर्गासमोर फळ्यावर दोन्ही भाग तिच्याकडूनच लिहून घेतले. आमच्या शुद्धिवहीतील पहिली नोंद तिच्या अक्षरात आहे. दुसरी नोंद अजून रिकामी आहे. ती वाचकांनी आपापल्या वर्गात भरून पाहावी. ‘१ भागिले क्षचा वर्ग’ हे फलन कधीच ऋण नसते. नेहमीच्या सूत्राने −१ पासून १ पर्यंत त्याचे समाकलन केले तर उत्तर −२ येते. प्रत्येक ओळ पुस्तकातल्यासारखीच दिसते. मग चूक कोणत्या ओळीत आहे, आणि कोणती अट गळाली आहे?